देवस्थानच्या हॉलात पक्षाचा मेळावा घेता येतो का?

कुळागरवाला:
गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात पक्षाच्या स्थानिक समितीचं काम बघतो. दीडशेएक कार्यकर्त्यांचा मेळावा घ्यायचाय. पावसाचे दिवस, त्यामुळे मंडप बाद. देवस्थानचा हॉल आहे, देवळापासून अगदी वेगळी इमारत. तिथं लग्नं, मुंजी, नाटकं सगळं होतं. आम्ही रीतसर भाडं भरणार. बाकीचे महाजन (देवस्थानचे हक्काचे सभासद) तयार आहेत, एकच जण अडून बसलाय. आचारसंहिता लागलेली नाही, मग अडचण कसली?

निवृत्त कारकून:
तो अडून बसलेला महाजन शहाणा आहे, त्याला दुखवू नका.

आचारसंहिता निवडणुकीपुरती. धार्मिक संस्थांच्या गैरवापराविरुद्धचा १९८८ चा केंद्रीय कायदा मात्र बारा महिने लागू असतो. संस्थेच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या कुठल्याही जागेत राजकीय प्रचार-प्रसार करू द्यायचा नाही, असं त्याचं कलम ३ सांगतं. जागा कोणाची, एवढंच तिथं बघतात. म्हणजे वेगळ्या इमारतीची सबब चालत नाही. भाड्याच्या पावतीचं म्हणाल तर तो आयता पुरावा! शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तुम्ही भाषणं ठोकून घरी जाल, आधी निस्तरायचं देवस्थानच्या कमिटीला. आपल्याकडे देवस्थानांवर मामलेदाराची देखरेख असते, तक्रारीचा कागद तिथं पोचायला कितीसा वेळ?

पोर्ट्याचो:
सगळेच पक्ष घेतात हो. कोणाला आत टाकलेलं ऐकलंय?

निवृत्त कारकून:
मीही नाही ऐकलं. पण कमिटीत दोन तट असले की असला कागद निघायला वेळ लागत नाही. इथं तर एक जण आधीच विरोधात आहे.

म्हार्दोळकर:
पंचायतीचा हॉल विचारून बघा. मात्र आपल्याकडे पंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, त्यामुळे सरपंच कोणाच्याच वाटेला जायला नको म्हणून टाळतात. त्यापेक्षा खाजगी हॉल बरा. लाउडस्पीकरचा आवाज हॉलच्या आतच ठेवा, बाहेर कर्णे लावाल तर रात्री दहा ते सकाळी सहा बंदी. शंभर मीटरच्या आत शाळा किंवा इस्पितळ असेल तर शांतता क्षेत्र, तिथं दिवसाही बाहेर कर्णा नको.

कुळागरवाला:
ठीक. खाजगी हॉलवाल्याशी बोललो. रविवार मोकळा आहे, पण जेवण त्याच्याकडूनच घ्यायची अट घालतोय. आमचं बजेट चहा-भज्यांचं. फोंड्याच्या आसपास अशी अट नसलेला हॉल कोणाला ठाऊक आहे का?