मदत हवी आहे: न्यू जर्सीत डेकोरेशनच्या व्यवसायासाठी एलएलसी काढावी का? (एच-४ ईएडी)

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी एक मैत्रीण मिळून डेकोरेशनचा छोटा व्यवसाय रीतसर सुरू करायच्या विचारात आहोत. आत्तापर्यंत ओळखीपाळखीत डोहाळजेवण, बारसं, मुंज असलं काही असलं की हौस म्हणून करून द्यायचो, पैसे घेत नव्हतो कारण माझ्याकडे वर्क परमिटच नव्हतं. आता ईएडी, म्हणजे तेच वर्क परमिट, हातात आलंय (सी२६ कॅटेगरी, म्हणजे एच-४ वालं, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोचं), मैत्रिणीकडे ग्रीन कार्ड आहे, आणि लोक स्वतःहून विचारतायत की तुम्ही पैसे घेऊन करता का, तर आता करूनच टाकू म्हटलं.

दोघींनी मिळून गोल बॅकड्रॉपचे स्टँड, पडदे, लाइटच्या माळा, खोट्या फुलांची खोकीच्या खोकी असं सामान जमवलंय, सगळं माझ्या गराजमध्ये पडलंय आणि नवऱ्याची गाडी ड्राइव्हवेवर. अडलंय ते असं की एका बँक्वेट हॉलला कार्यक्रमाबद्दल फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कंपनीचं नाव काय, आणि दुसरा, इन्शुरन्सचं सर्टिफिकेट पाठवा, दहा लाख डॉलरचं कव्हर हवं आणि त्यावर आमच्या हॉलचं नाव हवं. मी गारच पडले. माझी समजूत अशी होती की एलएलसी (लिमिटेड लायेबिलिटी कंपनी) काढली की आपोआपच आपल्यावर काही येत नाही, नावातच लिमिटेड लायेबिलिटी आहे ना, मग वर इन्शुरन्स कशाला?

म्हणून पहिला प्रश्न हाच. उद्या तो स्टँड कोणाच्या अंगावर पडला (मागे वाळूच्या पिशव्या ठेवतो, तरी पोरं नेमकी त्या पडद्यामागेच लपाछपी खेळतात, सांगून ऐकतील तर शपथ) आणि त्यांनी केस केली तर एलएलसीमुळे आमचं घर, सेव्हिंग वाचतं का नाही?

दुसरं, जो तो सांगतो की डेलावेअरमध्ये काढ, तिथे टॅक्स नाही. एकाने वायोमिंग सांगितलं. मी आयुष्यात वायोमिंगला गेलेले नाही. आम्ही कामं फक्त जर्सीत करणार, फार तर कधी नदीपलीकडे पेन्सिल्वेनियात.

तिसरं, दोघींच्या नावावर काढायची का एकीच्याच? मैत्रीण म्हणते फिफ्टी-फिफ्टी, विषय संपला. मला त्यात काही वावगं वाटत नाही पण नवरा म्हणतो लिहून काढा. तिच्याकडे हे कसं काढू, तिला वाटेल माझा विश्वास नाही.

चौथं, नवरा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर आहे, त्याला मेंबर, म्हणजे कंपनीचा एक मालक, केलं तर चालतं का? शनिवार-रविवारी सामान चढवायला उतरवायला तोच असतो खरं तर.

आणि टॅक्सचं काय, एलएलसीने टॅक्स वाचतो असं बरेच जण म्हणतात, कसा वाचतो ते मात्र कोणी सांगत नाही. एका वेबसाइटवर फॉर्म भरायला गेले तर मूळ फीच्या वर ईआयएनचे (धंद्याचा टॅक्स नंबर) वेगळे, ऑपरेटिंग अॅग्रीमेंटचे (मालकांमधला लेखी करार) वेगळे, कम्प्लायन्स पॅकेजचे वेगळे असं करत रक्कम तिप्पट झाली, तिथेच बंद केलं.

जाणकारांनी प्लीज सांगा. अनुभव असला तर फारच छान.

प्रतिसाद – हिशेबनीस

तुमचा पहिला प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा आहे, बाकीचं सगळं फॉर्म भरणं आहे.

एलएलसीने काय होतं, तर कंपनीचं देणं हे कंपनीचं राहतं. कंपनीने फुलवाल्याचे पैसे थकवले, हॉलशी केलेला करार कंपनीला पाळता आला नाही, किंवा तुमच्या मैत्रिणीने एकटीने जाऊन काही घोळ घातला, तर सहसा तुमच्या घरापर्यंत कोणी येत नाही. पण स्टँड तुम्ही स्वतः उभा केलात, पिशव्या ठेवायच्या राहिल्या आणि तो मुलाच्या अंगावर पडला, तर ती तुमची वैयक्तिक निष्काळजी. तिथे कंपनीवर केस होते आणि तुमच्यावरही होते, आणि एलएलसी तुम्हाला त्यातून सोडवत नाही. दोन माणसांच्या कंपनीत सगळं काम मालकच करतात, त्यामुळे नेमका हाच धोका मोठा आणि नेमका त्यालाच एलएलसीचा उपयोग कमी. म्हणून हॉल इन्शुरन्स मागतो. जनरल लायेबिलिटी पॉलिसी (कोणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारी) घ्या, हॉलचं नाव अॅडिशनल इन्शुअर्ड म्हणून, म्हणजे हॉललाही तेच संरक्षण मिळेल असं, टाकायला सांगा, एजंट सर्टिफिकेट ईमेलवर पाठवतो. माझ्या मते आधी पॉलिसीचं कोटेशन, मग एलएलसी. दोन्ही घ्याच, पण एकच घ्यायची वेळ आली तर मी पॉलिसी घेईन.

आणखी एक, कंपनीच्या नावाने कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलं तर नवीन कंपनीला बँक बहुतेक वेळा तुमची पर्सनल गॅरंटी मागते. ती सही केली की तेवढ्यापुरतं लिमिटेड संपलं.

आणि कंपनीच्या खात्यातून घरचं वाणसामान आणलं, गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःच्या झेलवर (Zelle, बँकेतून पैसे पाठवायची सोय) घेतले, असं चालू राहिलं तर कोर्टात समोरचा वकील म्हणतो की ही कंपनी नावापुरतीच आहे, आणि जज ते मान्य करू शकतो. वेगळं खातं, वेगळं कार्ड, पहिल्या दिवसापासून.

टॅक्सचं थोडक्यात: एलएलसीने आपोआप एक डॉलरही वाचत नाही. एकाच मालकाची असेल तर आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) दृष्टीने ती नसल्यासारखीच, नफा तुमच्या १०४० मध्ये (वैयक्तिक टॅक्स रिटर्न) शेड्युल सी या धंद्याच्या फॉर्मवर. दोन मालक झाले की पार्टनरशिप, मग १०६५ फॉर्म (पार्टनरशिपचं रिटर्न) १५ मार्चपर्यंत आणि दोघींना के-१ (आपापल्या वाट्याचा नफा दाखवणारा फॉर्म). हा उशिरा भरला तर दंड दर पार्टनरमागे दर महिन्याला २०० डॉलरहून जास्त, टॅक्स शून्य असला तरी, फक्त फॉर्म उशिरा गेला म्हणून. शिवाय नफ्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स १५.३ टक्के, तो नोकरीवाल्यांना अर्धाच दिसतो कारण अर्धा कंपनी भरते, इथे दोन्ही तुम्हीच. आणि वर्षातून चार वेळा एस्टिमेटेड टॅक्स, म्हणजे अंदाजाने आगाऊ भरायचा. लोक वाचतो म्हणतात ते एस-कॉर्प इलेक्शनबद्दल (कंपनीवर वेगळ्या पद्धतीने टॅक्स लावून घ्यायचा पर्याय), पण त्यात स्वतःला पगार द्यायचा, पेरोल चालवायचं, वेगळं रिटर्न, हा खर्च नफा बऱ्यापैकी झाल्याशिवाय परवडत नाही. सध्या डोक्यातून काढा. खर्च वजा करायला एलएलसी लागत नाही, स्टँड आणि पडद्यांचा खर्च तसाही वजा होतो.

प्रतिसाद – जर्सीकर

डेलावेअर, वायोमिंग विसरा. काम जर्सीत करणार म्हणजे बाहेरची एलएलसी असली तरी जर्सीत फॉरेन एलएलसी म्हणून नोंदवावीच लागते, म्हणजे दोन्ही स्टेटची फी, दोन्हीकडे रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या नावाची कोर्टाची, सरकारी कागदपत्रं स्वीकारणारा). वायोमिंगचे वर्षाला कमीत कमी ६० डॉलर हे ऐकायला स्वस्त, पण ते जर्सीच्या वर द्यायचे, जर्सीऐवजी नाही. आणि टॅक्स तुम्ही जिथे राहता कमावता तिथे लागतो, कागद कुठेही काढा. डेलावेअर मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे घेणाऱ्यांना बरं. डोहाळजेवणाला काय करायचंय डेलावेअर!

जर्सीत स्टेटच्या साइटवर स्वतः करता येतं. आधी नावाचा सर्च करा, शेवटी एलएलसी लावावं लागतं. सर्टिफिकेट ऑफ फॉर्मेशन १२५ डॉलर. रजिस्टर्ड एजंट तुम्ही स्वतः होऊ शकता, जर्सीतला रस्त्याचा पत्ता हवा, पीओ बॉक्स चालत नाही. पण तो पत्ता पब्लिक रेकॉर्डला जातो, घरचा द्यायचा नसेल तर वर्षाला थोडे पैसे देऊन एजंट सर्व्हिस घ्या. मग आयआरएसच्या साइटवर ईआयएन, तो फुकट असतो, त्याचे पैसे कोणालाही देऊ नका. जे पत्र मिळतं (सीपी ५७५) ते लगेच सेव्ह करा, बँक तेच मागते, आणि हरवलं तर फोन करून १४७सी (त्याऐवजीचं पत्र) मागवत बसावं लागतं. फॉर्मेशननंतर ६० दिवसांत एनजे-रेग फॉर्म (जर्सीच्या टॅक्ससाठी धंद्याची नोंदणी), त्यातच सेल्स टॅक्सची नोंदणी. तुम्ही सामान भाड्याने देणार म्हणजे त्यावर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स लावून गोळा करायचाय, हे बऱ्याच डेकोरेशनवाल्यांना माहीतच नसतं. पुढे दर वर्षी अॅन्युअल रिपोर्ट ७५ डॉलर. दोन मालक आहात तोवर ठीक, दोनपेक्षा जास्त झाले तर पार्टनरशिप रिटर्नबरोबर माणशी १५० डॉलर जर्सी वेगळे घेते.

पेन्सिल्वेनियात एखादंच काम असेल तर आधी सीपीएला (अमेरिकेतला सीए) विचारून घ्या, तिथले सेल्स टॅक्सचे नियम वेगळे.

प्रतिसाद – तिरकस

एलएलसी काढल्यावर पहिली गिऱ्हाइकं तुमच्याकडे येत नाहीत, तुम्ही त्यांचं गिऱ्हाईक होता. सरकारी वाटतील अशी पत्रं येतील, लेबर लॉचं पोस्टर घ्या, सर्टिफिकेटची कॉपी मागवा, अमुक तारखेच्या आत पैसे भरा. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आम्ही सरकारी नाही. सरळ रिसायकलमध्ये. तसंच कोणी बीओआय रिपोर्ट (कंपनीचे खरे मालक कोण ते सरकारला कळवायचा फॉर्म) भरायचे पैसे मागितले तर देऊ नका, मार्च २०२५ पासून इथे अमेरिकेत काढलेल्या कंपन्यांना तो भरावा लागत नाही.

प्रतिसाद – बे एरिया

जर्सीवाले नशीबवान! आमच्याकडे कॅलिफोर्नियात धंदा होवो न होवो, वर्षाला ८०० डॉलर फ्रँचाइज टॅक्स ठरलेला.

नवऱ्याबद्दल: एच-१बी वाला नुसता मालक असू शकतो, पण काम करू शकत नाही, आणि "काम" याचा अर्थ पगार घेणं एवढाच नाही. सामान उतरवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, हिशेब ठेवणं यातलं काय कुठे बसतं ते इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, इथल्या प्रतिसादांवर जाऊ नका. मी तर म्हणेन मेंबर करूच नका, काही फायदा नाही आणि प्रश्न मात्र वाढतात. चढवा-उतरवायला कोणीतरी पैसे देऊन ठेवा.

तुमचं स्वतःचं ठीक आहे, एच-४ ईएडीवर स्वतःचा धंदा चालतो. फक्त तारखेवर डोळा ठेवा. ३० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर फाइल केलेल्या रिन्युअलला पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही तर कंपनी राहते, तुमची मालकी राहते, पण तुम्ही काम करायचं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं. इन्शुरन्सचं कोटेशन आजच मागवलं. सेल्स टॅक्स खरंच डोक्यात नव्हता, आता रेट परत काढावे लागणार. बे एरिया, ईएडीच्या मुद्द्याने झोप उडवलीत हो, माझं कार्ड पुढच्या वर्षी संपतंय आणि तेव्हा नेमका लग्नाचा सीझन. मग त्या काळात सगळं मैत्रिणीच्या अंगावर, आणि नफा तरीही फिफ्टी-फिफ्टी? आता मलाच ते बरोबर वाटत नाहीये.

प्रतिसाद – हिशेबनीस

हेच लिहायचं असतं, आणि मैत्रिणीकडे विषय काढायला याहून चांगलं निमित्त नाही. विश्वासाचं काही बोलूच नका, सरळ म्हणा, माझं कार्ड लटकलं तर तुझ्यावर अन्याय होईल, ते आधी ठरवू. यात तिचाच फायदा दिसतो, ती नाही कशाला म्हणेल.

ऑपरेटिंग अॅग्रीमेंट नसेल तर जर्सीच्या कायद्याने दोघींचा वाटा सारखा धरला जातो, कोणी किती पैसे घातले किंवा किती राबलं ते बघत नाहीत. तुम्हाला ते नको असेल तर लिहावंच लागेल. कार्यक्रमाला जी उभी असेल तिला आधी त्या कामाचा ठरलेला मोबदला, आणि उरलेला नफा अर्धा-अर्धा, असं करता येतं. पार्टनरला दिलेला असा मोबदला गॅरंटीड पेमेंट म्हणून के-१ वर जातो, सीपीएला माहीत असतं. त्याशिवाय दोघींचं पटलं नाही तर निर्णय कोणाचा, एकीला बाहेर पडायचं झालं तर सामानाची किंमत कशी लावायची, खात्यातून किती रकमेच्या वर दोघींच्या सह्या. आणि इन्स्टाग्रामचं अकाउंट कोणाचं हेही लिहा, हसू नका, डेकोरेशनच्या धंद्यात स्टँडपेक्षा त्या फोटोंनाच किंमत जास्त.

तयार नमुना घेऊन आधी तुम्ही दोघींनी भरा, मग तासाभरासाठी वकिलाला दाखवा. कोऱ्या कागदापासून त्याच्याकडून लिहून घेतलंत तर महाग पडेल.

धागाकर्ती

इन्स्टाग्राम तिच्या फोनवर आहे 😄 बोलते तिच्याशी. अजून एक शेवटचं, सामान माझ्या गराजमध्ये आणि नेआण आमच्या मिनीव्हॅनमधून, त्याचं काही वेगळं करावं लागतं का?

प्रतिसाद – जर्सीकर

हो. घराच्या इन्शुरन्समध्ये धंद्याचं सामान बहुधा अगदी थोड्या रकमेपर्यंतच धरतात, आणि पर्सनल ऑटो पॉलिसीवाले धंद्यासाठी गाडी वापरताना अपघात झाला तर क्लेम नाकारू शकतात. कोटेशन मागवलंच आहे तर त्याच एजंटला सामानाचं कव्हर आणि गाडीचा बिझनेस यूज दोन्ही विचारा. गाडी नवऱ्याच्या नावावर आहे हेही आधीच सांगा, आणि किती मैल जातात ते पहिल्या कामापासून टिपून ठेवा, टॅक्सला लागेल.