मदत हवी आहे: मथळा डेस्कचा, फोन मला

नमस्कार मंडळी. एका मराठी दैनिकात दीड वर्षापासून विद्यापीठांतल्या संशोधनावर लिहिते. मागच्या रविवारी कर्क्युमिनवर, म्हणजे हळदीतल्या एका घटकावर, लेख आला. प्रयोग काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर झाला होता, एवढंच. हा प्रयोग उंदरांवरही अजून झालेला नाही, हे मी लिहिलं होतं, पण सातव्या परिच्छेदात. जाहिरात आली, डेस्कने, म्हणजे पान लावणाऱ्या उपसंपादकांनी, तळातून कापलं आणि मथळा दिला, 'हळद करणार कर्करोगावर मात!'

सोमवारी ऑफिसात फोन सुरू. एका काकांनी विचारलं, "ताई, बायकोची केमो थांबवून हळदीचं दूध सुरू करू का?" डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही थांबवू नका, असं तीनदा सांगितलं, तरी रात्री झोप नाही. ज्यांचं संशोधन, त्या मॅडम आता फोन उचलत नाहीत.

त्यात विषय हळदीचा. १९९७ साली अमेरिकेतलं पेटंट आपण रद्द करवलं, तेव्हापासून हळदीवर शंका घेणारा घरभेदीच!

पुढच्या वेळी छापण्याआधी मजकूर संशोधकांना दाखवू का? संपादक म्हणतात, कॉपी बाहेर जाता कामा नये.

---

तुमचं चुकलं ते सातव्या परिच्छेदात. बातमी तळातूनच कापतात, मी स्वतः वर्षानुवर्षं कापली आहे. 'फक्त बशीतल्या पेशींवर' हे पहिल्या दोन वाक्यांत हवं. मथळेही दोन-तीन सुचवून पाठवा. घाईच्या वेळी डेस्कला आयतं मिळालं की आवडतं.

कॉपी देऊ नका. आकडे आणि त्यांच्या तोंडची वाक्यं फोनवर वाचून दाखवा, त्याला कुणी हरकत घेत नाही. शिवाय त्या संशोधनात नसलेल्या एखाद्या जाणकाराला विचारायचंच. कुणीही सांगितलं असतं की हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास, आणि खाल्लेलं रक्तात फारच थोडं उतरतं.

खुलासा छापला का?

---

धन्यवाद काका. मागितला, पान ७ वर चार ओळी मिळाल्या आहेत. असं लिहिलंय, बघा:

'रविवारच्या बातमीतला प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर झाला होता, रुग्णांवर नाही. हळद खाऊन कर्करोग बरा होतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. चालू उपचार थांबवू नयेत. मथळा चुकीचा होता.'

शेवटचं वाक्य डेस्क ठेवेल असं वाटत नाही. तेच पहिलं घेऊ का?