सगळं इंजिन चंदेरी नको

फोर्ड मस्टँग गाडीच्या १/२५ आकाराच्या प्लास्टिक मॉडेलचं इंजिन चंदेरी रंगवल्यावर खेळण्यातलं का दिसतं, या प्रश्नावर बहुतेकांनी काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, सुचवलाय. वॉश हवाच, पण आधी मूळ रंग बरोबर हवा. १९६६ पासून फोर्डची इंजिनं गडद निळी यायची. शेव्हरोलेची व्ही-८ (आठ सिलिंडरची) इंजिनं त्या काळात बहुतेक नारिंगी. म्हणजे तुमच्या १९६७च्या गाडीत ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) आणि हेड (त्यावरचं झाकण) निळेच हवेत, तेही सेमीग्लॉस, म्हणजे अर्धवट चकाकीचे. इतक्या लहान आकारात पूर्ण ग्लॉस दिला की प्लास्टिक लगेच उघडं पडतं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे हेडमधून धूर बाहेर नेणारा भाग, मात्र निळा करू नका. ते बिड, तापून तापून रंग टिकतच नाही. मॅट करडा रंग द्या, वर तपकिरी खडूची पूड कोरड्या ब्रशने, हेडला जोडतो त्या तोंडांशी जरा जास्त. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर तो अ‍ॅल्युमिनियमचा. चंदेरी रंग तिथे वापरा.

आता वायरी. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. स्पार्क प्लगची खरी वायर साधारण ७ मिमी जाड, म्हणजे १/२५ मध्ये ०.२८ मिमी. मॉडेलच्या किटसाठी वेगळ्या विकत मिळणाऱ्या बऱ्याच वायरी याहून जाड असतात आणि पाइपसारख्या दिसतात. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे ३० गेजची तांब्याची तार मागा, ०.३१५ मिमी भरते, काळा रंग दिला की काम झालं. आठ प्लगच्या आठ, शिवाय ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलची एक. आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ती वीज प्लगना वाटणारा भाग, कुठे आहे ते बघा: फोर्डच्या स्मॉल ब्लॉकला (लहान व्ही-८ला) तो पुढे असतो, शेव्हरोलेला मागे.