मदत हवी आहे : फ्रेंचमधून रस्ता विचारायला शिकतेय

नमस्कार मंडळी, मी खानापूरची. बहिणीच्या बाळंतपणासाठी लियोंला जायचंय, म्हणून घरीच फ्रेंच शिकतेय.

आपल्याकडे रेल्वेने, बसने, सायकलने, सगळीकडे एकच 'ने'. तिथे मात्र 'आँ त्रँ', 'आँ ब्युस', पण सायकलला 'आ वेलो' आणि चालत म्हणजे 'आ पिये'. ज्यात आत बसतो त्याला 'आँ', ज्यावर बसतो त्याला 'आ', असं मी लक्षात ठेवलंय. मग मोटरसायकलला 'आँ मोतो' आणि 'आ मोतो' दोन्ही का ऐकू येतं? बोलताना कोणतं वापरू?

खरी अडचण पुढेच आहे. 'आ द्र्वात' म्हणजे उजवीकडे, 'तू द्र्वा' म्हणजे सरळ. शेवटच्या 'त'वर सगळा खेळ! सरावासाठी मी बेळगाव स्टेशन ते टिळकवाडीचं पहिलं रेल्वे गेट हा रस्ता रोज फ्रेंचमधून सांगते; गोगटे सर्कलला 'रों-प्वँ' म्हणते. पण कोणी भरभर बोललं की तो 'त' कानातून निसटतोच.

कान तयार व्हायला तुम्ही काय केलंत? बेळगाव, निपाणी भागातलं कोणी आठवड्यातून दोनदा फोनवर माझ्याशी रस्ता विचारायचा सराव करेल का? मनापासून विचारतेय.