मदत हवी आहे: गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी उलाढालीत धरायचा का?

नळ-पाइपांचं दुकान आहे. पुढच्या वर्षी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक कमी दरानं कर भरायची सोय) जायचा विचार आहे, म्हणजे ३१ मार्चच्या आत त्याचा अर्ज, सीएमपी-०२, भरायला हवा. उलाढालीची मर्यादा दीड कोटीची, आणि घोडं तिथेच अडलंय.

वर्षाच्या बिलांची बेरीज १,६२,८४,००० रुपये. सगळा माल १८ टक्क्यांचा. कर काढला की १,३८,००,००० उरतात. मी म्हणतो, हीच उलाढाल. आमचे हिशेबनीस काका म्हणतात, "गिऱ्हाइकानं मोजला तो पैसा विक्रीचाच. तू बसत नाहीस." काका सेल्स टॅक्सच्या जमान्यातले. गिऱ्हाइकाकडून घेतलेला विक्रीकर उलाढालीतच धरणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९६१ चा जॉर्ज ओक्सचा निकालही त्यांनी पुढे केला.

मी सीजीएसटी कायद्याचं कलम २(६) वाचलं, त्यात उलाढालीतून जीएसटी वगळलाय. पण कलम १५ मध्ये मालाच्या किमतीत कर धरा असंही लिहिलंय! शिवाय काउंटरवरची बरीच बिलं 'सर्व करांसह' अशी आहेत. ५९० चा नळ, कर वेगळा दाखवलेलाच नाही. तिथे ५९० धरू की ५००?

प्रतिसाद १:
निकाल खरा आहे, पण तो मद्रासच्या विक्रीकर कायद्यावरचा. जीएसटीत कलम २(६) नं सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी आणि सेस उलाढालीतून स्पष्ट वगळलेत. कलम १५(२)(अ) दुसऱ्या कायद्यांखालच्या करांबद्दल आहे, जीएसटीबद्दल नाही. ५९० च्या बिलाला नियम ३५ लावा: ५९० × १८ ÷ ११८ = ९० कर, उलाढाल ५००. (बिलावर कर वेगळा दाखवणं मात्र कलम ३३ नं बंधनकारक आहे, न दाखवायची सवय आधी मोडा.)

तेव्हा तुम्ही १.३८ कोटींवर आत बसता. पण पुढचं बघितलंत का? कंपोझिशनमध्ये गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही. तोच नळ ५९० लाच विकलात तर अख्खे ५९० तुमची उलाढाल. तेवढाच माल गेला तरी बेरीज १.६२ कोटींवर जाईल, आणि दीड कोटी ओलांडले त्या दिवशी कलम १०(३) नुसार योजनेतून बाहेर.

धागाकर्ता:
अरेच्चा! हे डोक्यातच आलं नव्हतं. दर ५०० वर आणणं तर शक्यच नाही, खरेदीवरचं क्रेडिट (तिथे भरलेल्या कराची वजावट) जाणार आणि कंपोझिशनचा १ टक्का कर खिशातून भरायचा. सीएमपी-०२ राहू दे मग. काका वेगळ्याच वाटेनं बरोबर ठरले म्हणायचे.