प्रतिसाद: संध्याकाळी चप्पल घट्ट का होते?

ठाणे ते सीएसएमटी लोकलने उभ्याने प्रवास करून संध्याकाळी पाय सुजतात, असं तुम्ही लिहिलंय आणि वर एकांनी थेट 'किडनी तपासा' सांगून टाकलं. तिथे जायच्या आधी पोटऱ्यांकडे बघा.

हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, पण उभ्या माणसाच्या पायातलं रक्त वर चढवायला त्याला पोटरीची मदत लागते. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, आतली शीर दाबली जाते, रक्त वर सरकतं. ते खाली परतू नये म्हणून शिरेत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडलं, तेव्हा याच झडपांचा पुरावा दिला होता. दंडाला पट्टी बांधायची आणि फुगलेल्या शिरेवर पंजाच्या दिशेने बोट फिरवायचं; रक्त झडपेपलीकडे उलट सरकत नाही, एवढाच प्रयोग!

डब्यात आपण खांबासारखे उभे. पोटरी स्वस्थ, रक्त साचतं, केशवाहिन्यांतून पाणी ऊतींमध्ये झिरपतं आणि लसीकावाहिन्या (ऊतींमधलं जादा पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या) ते उपसायला कमी पडतात.

मी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत टाचा वर-खाली करतो. (टाच टेकवायला जागा उरली तर.) घरी आल्यावर पाय उशीवर. मला तरी फरक पडला.

मात्र सूज एकाच पायाला असेल, दुखत असेल, गरम लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसत असेल, तर वर 'किडनी तपासा' म्हणणाऱ्यांचं ऐका.