मदत हवी आहे: पिकअपच्या पुढच्या बाजूला खडखड, गॅरेजवाला म्हणतो सगळंच बदला

मीठ_भाकरी:

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉईटपासून पश्चिमेला अर्ध्या तासावर. चार वर्षांपूर्वी २०१२ सालचा एक पिकअप सेकंडहँड घेतला. इथे ज्याला 'हाफ टन' म्हणतात तो, फोर व्हील ड्राइव्ह. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धाग्याचं पानिपत व्हायचं.) मीटरवर १,३८,००० मैल झालेत, म्हणजे सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास.

त्रास असा की, ड्राइव्हवेवर हळू चढताना किंवा स्पीड बंपवरून जाताना पुढून उजवीकडून टक्-टक् येतं. (उजवीकडे म्हणजे पॅसेंजरच्या बाजूला, इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो.) हायवेवर ६५-७० ला गाडी सरळ जात नाही, सारखं स्टीअरिंग सावरत बसावं लागतं. आणि पुढचा उजवा टायर आतल्या कडेला पार गुळगुळीत झालाय, बाहेरची कड मात्र ठीक आहे.

जवळच्या गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी दोन्ही बाजूंचे वरचे-खालचे आर्म (चाक फ्रेमला जोडणारे दांडे), टाय रॉड (चाक वळवणारा स्टीअरिंगचा दांडा), स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉकअप), लिंक असं सगळं मिळून २,६०० डॉलरचं एस्टिमेट हातात ठेवलं. नक्की काय झिजलंय असं विचारलं तर म्हणे, 'एवढ्या मैलांना सगळंच जातं.' खरंही असेल. पण कुठला भाग किती गेलाय हे न सांगता सगळं बदला म्हणणं पटत नाही.

माझ्याकडे फ्लोअर जॅक, चार स्टँड, सॉकेट सेट आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने कसायचा पाना) आहे. ऑइल आणि ब्रेक पॅड स्वतः बदलतो. याशिवाय लहानपणी कोल्हापुरात वडिलांच्या जीपखाली टॉर्च धरून बसण्याचा दांडगा अनुभव.

काय गेलंय हे घरच्या घरी ओळखता येईल का? त्यातलं घरी करण्यासारखं काय? आणि तोवर रोज ४० मैल ऑफिसला ही गाडी न्यावी का?

चहाबाज:

'टॉर्च नीट धर' म्हणून वडिलांनी खेकसलं नाही असा एक मराठी मुलगा दाखवा. बाकी विषयात गती नाही, वाचतोय.

साताऱ्याचा_फिटर:

अमेरिकन गाडीला हात लावलेला नाही, पण बोलेरो-स्कॉर्पिओची पुढची बाजू रोज उघडतो. हळू वेगात एका बाजूने टक्-टक् म्हणजे आधी लिंक रॉड बघायचा. तुमच्याकडे बहुतेक स्वे बार लिंक म्हणतात, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला जोडणारा छोटा दांडा. गाडी चारही चाकांवर उभी असताना खाली हात घालून लिंक गदागदा हलवा. गेलेली असेल तर हातालाच टक्-टक् कळेल. स्वस्तातलं काम आहे.

पण लिंक रॉडने टायर आतून खाल्ला जात नाही. तिथे दुसरं काहीतरी आहे, ते सोडू नका.

पाना_नंबर_तेरा:

फिटरभाऊंना अनुमोदन. मी ओहायोत बावीस वर्षं आहे, त्यातली नऊ गॅरेजमध्ये घालवली. गिऱ्हाईक आवाजाची तक्रार घेऊन येतं आणि आवाज करणारा भाग बहुधा निरुपद्रवी निघतो. गाडी पाडणारा भाग पुष्कळदा मुका असतो. तुमच्या वर्णनावरून मला उजव्या बाजूच्या खालच्या बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाक यांना जोडणाऱ्या गोल सांध्याचा) संशय येतोय.

गाडी सपाट काँक्रीटवर घ्या. खडी किंवा डांबर नको, उन्हात स्टँड डांबरात रुततो. मागच्या चाकांना अडसर लावा, हँडब्रेक ओढा. आता महत्त्वाचं: जॅक फ्रेमखाली नाही, खालच्या आर्मखाली लावायचा, बॉल जॉइंटच्या जमेल तितका जवळ. तुमच्या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येतो. फ्रेम उचलून चाक लोंबतं ठेवलं की स्प्रिंग जॉइंटला दाबून धरते आणि प्ले (ढिलेपणा) लपून राहतो. 'हलवून पाहिलं, काही नाही' म्हणणारे बरेचजण इथेच फसतात. (१९६० च्या दशकातली फाल्कन किंवा मस्टँग असती तर गणित उलटं, त्यांची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते.)

टायर जमिनीपासून दोन इंच सुटला की खाली लांब टॉमी (लोखंडी पहार) घालून वर उचला. दुसऱ्या माणसाने जॉइंटकडे डोळे लावून बसायचं. चाक आणि आर्म यांच्यात वर-खाली हालचाल दिसली तर जॉइंट गेला. किती प्ले चालतो ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि ते डायल गेजने मोजायचं. पण नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तर गेजची वाट बघू नका.

मग टायर घड्याळासारखा धरा. १२ आणि ६ वर धरून हललं तर वरचा जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दोन्हीत फरक करायला घरच्या कोणालातरी ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग. ३ आणि ९ वर धरून हललं तर टाय रॉड.

टायरवरून तळहातही फिरवा. एकाच दिशेने करवतीसारखं बोचलं तर टो (वरून पाहता चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडलाय. खड्डे-उंचवटे लागले तर शॉकअप. नुसती आतली कड गेली असेल तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) किंवा टो, आणि ते बिघडवणारं झिजलेलं काहीतरी वर असतंच. शॉकअपवर तेलाचा पुसट ओलावा असेल तर घाबरू नका, ओघळ असेल तर तो संपला.

ऑफिसचं म्हणाल तर खालचा जॉइंट तपासेपर्यंत हायवेवर जाऊ नका. तो सुटला की चाक आडवं पडतं, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टीअरिंगला काही अर्थ उरत नाही.

फिलाडेल्फियाकर:

आमच्या पेनसिल्व्हेनियात दरवर्षी गाडीचं सेफ्टी इन्स्पेक्शन होतं, त्यात बॉल जॉइंटही बघतात. मिशिगनमध्ये तसं काहीच नाही. गाडीखाली कोण वाकणार, तर एक तुम्ही किंवा बंद गाडी ओढून नेणारा ट्रकवाला.

आणखी एक फुकटातलं काम. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या हायवे सेफ्टी खात्याच्या (एनएचटीएसए) साइटवर गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन (ओळख क्रमांक) टाकून बघा. रिकॉल (दोष सापडला म्हणून कंपनीने दुरुस्तीला बोलावणं) निघालेला असेल आणि अजून झालेला नसेल तर ते काम डीलरकडे पैसे न देता होतं. इतक्या जुन्या गाडीला ती सोय मिळेलच असं नाही, पण बघायला काय जातंय.

मीठ_भाकरी:

सगळ्यांचे आभार. रिकॉल काही नाही. शनिवारी पानासाहेबांनी सांगितल्याबरहुकूम गाडी उचलली. बायको टॉमीवर, मी खाली.

उजवा खालचा बॉल जॉइंट चक्क वर-खाली होतोय! रबरी बूट फाटलेला, आत गंजाचं तांबडं पाणी. ग्रीसचा पत्ता नाही. उजवी लिंक सैल आहे, टक्-टक् तिचंच. उजवा शॉकअप तेलाने ओघळलाय. डावीकडचा खालचा जॉइंट किंचित हलतो. वरचे जॉइंट, टाय रॉड, बेअरिंग सगळं घट्ट. म्हणजे गॅरेजवाला पूर्ण चुकीचा नव्हता, पण 'सगळंच' गेलेलं नव्हतं.

गंमत म्हणजे मी चार महिने त्या बापड्या लिंकला शिव्या देत होतो. बॉल जॉइंटने एकदाही तोंड उघडलं नाही.

गाडी उभी केलीय. आता पुढे?

पाना_नंबर_तेरा:

दोन्ही खालचे आर्म बॉल जॉइंट आणि बुश (आर्मच्या फ्रेमकडच्या टोकातली रबरी नळी) आधीच बसवलेले मिळतात, तेच घ्या. नुसता जॉइंट प्रेसने काढून बसवता येतो, पण तुमच्याकडच्या गंजात मी करणार नाही. डेट्रॉईटच्या पोटात, हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे म्हणतात ते खरं आहे, आणि रस्त्यावरचं मीठ अखेर तुमच्या बोल्टांतच येऊन बसतं. लिंक दोन्ही बाजूंच्या बदला. स्ट्रटही जोडीने. एक नवा एक जुना ठेवला की गाडी ब्रेकवर तिरकी वागते.

आता खाचाखोचा.

आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी प्रत्येक बोल्टवर पेनेट्रेटिंग ऑइल मारा. आर्मचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. नट निघतो, बोल्ट हलत नाही. तेव्हा कापायची तयारी आणि नवे बोल्ट हाताशी ठेवा. त्यातले काही कॅमचे (मध्य सरकलेल्या चकतीचे) असतात, त्यांच्यावरच कॅम्बर आणि कास्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) ठरतं. काढण्याआधी त्यांच्या जागेवर पांढऱ्या रंगाने खूण करा.

बॉल जॉइंट सोडवताना नट थोडा सैल करून तसाच ठेवा आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाच्या) बाजूवर, जिथे जॉइंटचा निमुळता दांडा बसतो तिथे, हातोड्याचे सणसणीत फटके द्या. निसटतो. पिकल फोर्क (दोन दातांची पाचर) रबर फाडतो, त्यामुळे तो फेकून द्यायच्या जॉइंटवरच चालवायचा.

आर्म सुटला की नकल बाहेर झुकतो. तो वायरने बांधून ठेवा. लोंबला तर ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाते, फोर व्हीलमध्ये ॲक्सलचा सांधाही निसटू शकतो.

नवा जॉइंट बसवून टॉर्क दिल्यावर कॉटर पिनचं (नट फिरू नये म्हणून घालायच्या पिनचं) भोक जुळत नसेल तर नट पुढे कसायचा. भोक जुळवायला म्हणून कधीही मागे सैल करायचा नाही.

आणि आर्मचे बुशकडचे बोल्ट गाडी हवेत असताना फायनल कसू नका. गाडीचा भार चाकांवर आल्यावरच टॉर्क द्यायचा.

सगळं झालं की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. टायर नंतर घ्या, आधी घेतलात तर नवेही खाल्ले जातील.

निवांत_नलू:

मी माझ्या एसयूव्हीचे स्ट्रट स्वतः बदललेत म्हणून लिहितेय. स्प्रिंगसकट जोडलेले तयार स्ट्रट मिळतात, थोडे महाग पडतात, तेच घ्या. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) भाड्याने आणून जुनी स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवायचा मोह होईल. करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली की ती कोणाची ओळख ठेवत नाही.

ऑटो पार्ट्सच्या मोठ्या दुकानांत हत्यारं अनामत घेऊन वापरायला देतात, परत केली की पैसे परत. बॉल जॉइंट सेपरेटर मी तिथूनच आणला होता.

हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून एक भर: १९८८ ते २००६ च्या फोर व्हील शेव्हरोले पिकअपमध्ये पुढे कॉइल नसून टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असतो. तो नेमलेल्या हत्याराने सैल केल्याशिवाय खालच्या आर्मला हात लावायचा नाही.

मीठ_भाकरी:

झालं! दोन शनिवार गेले. उजवा एक बोल्ट कापावाच लागला, त्यात करवतीची तीन पाती आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध खर्ची पडले. हिशेब: दोन आर्म ३१० डॉलर, लिंक ६०, तयार स्ट्रट ४२०, बोल्ट आणि किरकोळ ४५.

टक्-टक् गेलं. गल्लीतच एक फेरी मारली, गाडी नव्यासारखी बसते. पण खड्ड्यातून जाताना आता 'कर्रर्र' असा नवा आवाज येतोय, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. काय चुकलं?

पाना_नंबर_तेरा:

बुशचे बोल्ट कधी कसलेत?

मीठ_भाकरी:

...स्टँडवरच. अंधार पडत होता.

पाना_नंबर_तेरा:

तेच. त्या बुशचं रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लोंबत्या आर्मवर कसलंत म्हणजे गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं. करकरतं, आणि वर्षा-दोन वर्षांत फाटतं. पुढची चाकं रॅम्पवर चढवून मागची अडवा, म्हणजे भारही राहील आणि खाली हातही जाईल. बोल्ट सैल करा, पुढचा भाग दोन-चारदा दाबून सोडा, पुन्हा टॉर्क द्या. कॅमच्या खुणांवर नजर ठेवा.

मीठ_भाकरी:

केलं. सैल करताना 'टण्' असा आवाज होऊन आर्म स्वतःच जागेवर आला. कर्रर्र बंद.

सोमवारी सकाळी साडेआठला अलाइनमेंटची वेळ मिळालीय, दुकान तीन मैलांवर आहे. सध्या गाडी सरळ जाताना स्टीअरिंग दहा वाजल्यासारखं वाकडं दिसतं. शक्य तितक्या आतल्या रस्त्याने हळू नेतो.

चहाबाज:

सगळं ठीक, पण टॉर्च कोणी धरला?

मीठ_भाकरी:

लेकीने. बोल्ट सोडून सगळीकडे उजेड पडत होता. एकदा मी खेकसलोही.

पाना_नंबर_तेरा:

पन्नास मैल झाले की चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.